सभा ऐकायला पायी आलेल्या माणसाची जागा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात मध्य मुंबईतील एका मैदानावर झालेल्या प्रचारसभेला मी गेले होते. टपाल खात्यातून निवृत्त होऊन मला आता दहा वर्षे झाली. नोकरीच्या काळात सरकारी नोकर म्हणून राजकीय सभांपासून चार हात लांब राहण्याची सवय लागली ती लागलीच, त्यामुळे एखाद्या मोठ्या नेत्याचे भाषण प्रत्यक्ष मैदानात बसून ऐकण्याचा योग कित्येक वर्षांनी आला. नेत्याचे आणि पक्षाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. जे लिहायचे आहे ते थोड्याफार फरकाने साऱ्याच पक्षांच्या सभांना लागू आहे, असे वेगवेगळ्या सभांना जाणाऱ्या शेजाऱ्यांशी बोलल्यावर कळले. शिवाय नाव लिहिले की पत्राची सगळी चर्चा त्या नावापाशीच अडकेल. कोणी आणलेले नसताना, भाषण ऐकायचे म्हणून आपल्या पायांनी येणाऱ्या माणसाला आजच्या सभेत जागा उरलेली नाही, आणि ती त्याला परत मिळाली पाहिजे, एवढेच मला सांगायचे आहे.

माझे वडील गिरणीत बदली कामगार होते, म्हणजे कायम कामगार गैरहजर असला की त्याच्या जागी काम मिळणारे. १९६७-६८च्या सुमारास, मी बारा-तेरा वर्षांची असताना, ते मला परळच्या नरे पार्कवर कामगारांच्या सभांना नेत असत. पहिली पाळी सुटली की घरी येऊन चहा घ्यायचा, धुतलेला सदरा अंगात चढवायचा आणि सभेच्या अर्धा तास आधी मैदानात जाऊन बसायचे, असा त्यांचा क्रम असे. बसायला जमीन, फार तर खाली घरून आणलेले वर्तमानपत्र. व्यासपीठ इतके जवळ आणि इतके बुटके असे की पुढच्या रांगांतल्या माणसाला वक्त्याच्या कपाळावरचा घाम दिसे. त्या सभांतला एक प्रसंग माझ्या मनातून कधी गेला नाही. बोनसचा कायदा १९६५ साली झाला होता आणि तो बदलीवाल्यांना लागू आहे की नाही यावरून आमच्या चाळीत रोज वाद होत. वडिलांनी सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या पांढऱ्या बाजूवर पेन्सिलीने ‘बदलीवाल्याला बोनस आहे काय?’ एवढेच लिहिले आणि ती चिठ्ठी पुढे बसलेल्या माणसाच्या हातात दिली. हातोहात ती व्यासपीठापर्यंत पोहोचली. भाषण संपत आल्यावर वक्त्यांनी जमलेल्या चिठ्ठ्या एकेक करून वाचायला घेतल्या, त्यात वडिलांचीही वाचली, आणि वर्षात कामाचे ३० दिवस भरले असतील तर बदलीवाल्यालाही बोनस मिळालाच पाहिजे, तेव्हा हजेरीची कार्डे जपून ठेवा, असे चारचौघांसमोर उत्तर दिले. त्या रात्रीपासून आमच्या देव्हाऱ्याखालच्या पत्र्याच्या डब्यात वडिलांची हजेरीची कार्डे जमू लागली.

सभेहून परतताना वाटेत ते मला विचारत, “काय काय म्हणाले, सांग बघू.” मी सांगायची, राहिले असेल ते ते जोडायचे. दुसऱ्या पाळीला गेलेले शेजारी मध्यरात्री परतत, त्यांना सभा मिळालेली नसे. ते सकाळी गॅलरीत दात घासता घासता वडिलांना हाच प्रश्न विचारत आणि वडील कठड्याला टेकून त्यांना अख्खे भाषण मुद्द्यांनुसार सांगत. एका माणसाने ऐकलेली सभा अशी मजलाभर पोहोचत असे.

या शहरात ऐकणाऱ्याचे हे काम पूर्वापार चालत आले आहे. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँकच्या मैदानावर गांधीजींनी ‘करेंगे या मरेंगे’ म्हटले आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांना आणि काँग्रेसच्या प्रमुख नेत्यांना अटक झाली. नेते तुरुंगात, वर्तमानपत्रांवर बंधने, अशा वेळी ते शब्द पुढे नेण्यात मैदानात बसून ऐकून परतलेल्या माणसांचा वाटा फार मोठा होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात २० नोव्हेंबर १९५५ रोजी चौपाटीवर मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा झाली, तेव्हा श्रोत्यांनी ती उधळून लावली. दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला आणि आज जिथे हुतात्मा चौक आहे तिथे माणसे पडली. सभा उधळणे मला मान्य नाही, आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७ नुसार निवडणुकीच्या सभेत गोंधळ घालणे हा गुन्हाच आहे. परंतु समोर बसलेल्या माणसाचे मत व्यासपीठावरच्या माणसाला त्याच जागी, त्याच क्षणी कळत होते, हे त्या सभेतही होते आणि नरे पार्कवरच्या चिठ्ठीतही होते.

आता परवाच्या सभेचे सांगते. जाहिरातीत वेळ सायंकाळी ६ची होती. मी पावणेसहाला मैदानाच्या दारात पोहोचले. तपासणीच्या चौकटीतून आत जाताना पोलिसांनी पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या. सुरक्षेसाठी ते आवश्यक असेल, माझी त्याबद्दल तक्रार नाही, आणि त्या महिला शिपाई माझ्याशी अतिशय अदबीने वागल्या. मात्र दाराबाहेर बाटल्यांचा गुडघाभर ढीग साचलेला आणि आत पाण्याचे पिंप फक्त पुढच्या दोन कप्प्यांत, ही व्यवस्था कोणी आखली असेल याचे मला नवल वाटले. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर झालेल्या पुरस्कार सोहळ्यानंतर उन्हाच्या तडाख्याने १४ माणसे दगावली, हे मुंबईकर विसरलेले नाहीत. परवा संध्याकाळ होती, हवा बरी होती, म्हणून निभावले. माझ्यासारखी सत्तरीची बाई चार तास घसा कोरडा ठेवून बसली, एवढ्यावरच ते थांबले.

कप्प्यांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. व्यासपीठासमोर एक मोठी रिकामी जागा बांबू आणि लोखंडी कठडे लावून मोकळी सोडलेली होती. तिच्या मागे सोफे. त्यामागे पांढरे कापड घातलेल्या खुर्च्या, त्या पासधारकांसाठी. त्यामागे लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांचा तिसरा कप्पा, तिथे विभागवार पाट्या लावलेल्या, बसने आणलेल्या लोकांसाठी. आणि सर्वांत शेवटी, कठड्यापलीकडे, धुळीत, आपण होऊन आलेले आम्ही लोक. मला तिथून व्यासपीठावरची माणसे करंगळीच्या नखाएवढी दिसत होती. पडद्यावर चेहरा दिसे, पण व्यासपीठाजवळच्या कर्ण्यांचा आवाज एवढे अंतर तोडून येईपर्यंत वेळ जाई, त्यामुळे ओठ आधी हलत आणि शब्द मागाहून येत. थोड्या वेळाने एका स्वयंसेविकेला माझी दया आली आणि तिने मला तिसऱ्या कप्प्यातल्या एका रिकाम्या खुर्चीवर नेऊन बसवले. त्या मुलीचे मी मनापासून आभार मानते.

शेजारी चाळिशीच्या एक बाई बसल्या होत्या. मानखुर्दहून आलेल्या. गळ्यात पक्षाचे उपरणे, मांडीवर वडापाव आणि केळे असलेली कागदी पिशवी, तीही त्यांनी उघडलेली नव्हती, कारण घरी दोन मुले होती. दुपारी ३ वाजता बसमध्ये बसवले होते. अशा माणसांना आपण ‘भाड्याची गर्दी’ म्हणून मोकळे होतो, मीही आजवर तसेच म्हणत आले होते, आणि ते चुकीचे होते. या बाईंची झोपडी पुनर्विकासासाठी चार वर्षांपूर्वी पाडली गेली. विकासकाने घरभाडे दोन वर्षे दिले आणि मग बंद केले. तेव्हापासून धुण्याभांड्यांच्या कमाईतून खोलीचे भाडे जाते. नेते आज थकलेल्या भाड्याबद्दल बोलणार आहेत असे त्यांच्या वस्तीत कोणीतरी सांगितले होते. बसने न्यायच्या लोकांच्या यादीत नाव होते हे खरेच, पण त्या आल्या होत्या ते हे ऐकायला. त्यांनी मला तीनदा विचारले, “भाड्याचं कधी बोलतील?”

पावणेसात वाजता स्थानिक पुढाऱ्यांची भाषणे सुरू झाली आणि ती जवळजवळ दोन तास चालली. नेते ८ वाजून ४० मिनिटांनी आले. मग फेटा, तलवार, गदा आणि चार माणसांनी उचललेला हार. भाषणाला तोंड फुटले तेव्हा माझ्या घड्याळात ९ वाजून ५ मिनिटे झाली होती. रात्री १०नंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांतच ते आहे, आणि मैदानाभोवती राहणाऱ्यांच्या दृष्टीने ते योग्यच आहे. शिवाजी पार्कच्या रहिवाशांना शांततेच्या हक्कासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, २०१० साली ते मैदान शांतता क्षेत्र ठरले, आणि खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांसाठी पुढे वर्षातले ४५ दिवस ठरवून द्यावे लागले, हा इतिहास ताजा आहे. तेव्हा १०च्या नियमाला बोल लावण्यात अर्थ नाही. ६ची सभा ९ला सुरू होते त्याचा हा दोष आहे, आणि उशीर झाल्यावर कात्री लागते ती नेमकी ज्यासाठी माणसे आली त्या भागाला.

मी डायरीच्या मागच्या पानावर वेळा लिहून ठेवल्या. पहिली १२ मिनिटे व्यासपीठावरील मान्यवरांची नावे आणि विरोधकांवरची टीका. त्यातच एका विरोधी नेत्याच्या आवाजाची नक्कल झाली आणि मैदानात हशा पिकला. त्यानंतर वीस-बावीस मिनिटे पाणी, लोकल गाड्यांची गर्दी आणि महापालिकेची रुग्णालये. हा भाग चांगला होता, माहितीपूर्ण होता, हे मला सांगितलेच पाहिजे. नेत्यांना या शहराची माहिती आहे आणि ते ती सोपी करून सांगू शकतात, हे मी घरी बसून कधी ओळखले नसते. पावणेदहाच्या सुमारास त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, चष्मा लावला आणि घरांचा विषय घेतला. आवाज खाली आला, वाक्ये सावकाश झाली.

त्या वेळी मी मैदानाकडे पाहिले. नकलेच्या वेळी शेकडो मोबाइल वर गेले होते, हातांचे जंगल उभे राहिले होते. घरांचा विषय निघाला तेव्हा एकेक हात खाली आला. माणसे मोबाइल मांडीवर ठेवून ऐकू लागली. लाल खुर्च्यांच्या कप्प्यात इतकी शांतता झाली की मागच्या रस्त्यावरून जाणाऱ्या बसचा दरवाजा उघडल्याचा आवाज ऐकू आला. मला वाटते, सभेतला सर्वांत मोलाचा क्षण तो होता, आणि त्याचे चित्रण जवळजवळ कोणाकडेच नाही, कारण तेव्हा लोक ऐकत होते.

आणि नेमक्या त्याच वेळी आमच्या कप्प्याच्या कडेने शिट्ट्या वाजू लागल्या. बस सुटणार होत्या. विभागाच्या पाट्या उचलल्या गेल्या, माणसांना उठवायला सुरुवात झाली. मानखुर्दच्या बाई उठेनात. त्यांच्या गटप्रमुखाने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा खांद्याला हात लावून उठवले, कारण बस गेली तर परतायचे कसे हा प्रश्न होताच. जाता जाता त्यांनी मोबाइल माझ्यापुढे केला आणि म्हणाल्या, “ताई, तुमचा नंबर टाका यात. भाड्याचं काय म्हणाले ते विचारीन उद्या.” मी नंबर टाकला. रांगेतून चालताना त्या दर दोन पावलांवर मागे वळून पडद्याकडे पाहत होत्या.

९ वाजून ५८ मिनिटांनी भाषण संपले. राष्ट्रगीत सुरू झाले तेव्हा लाल खुर्च्या निम्म्याहून अधिक रिकाम्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मोबाइलवर वेगवेगळ्या चार ठिकाणांहून एकच चित्रफीत आली. अर्ध्या मिनिटाची. नकलेची. तीन वर्तमानपत्रे चाळली, तिन्हींत मथळा नकलेचाच, आणि त्याखाली विरोधकांनी दिलेले उत्तर. पाणी नाही, रुग्णालये नाहीत, घरभाडे नाही. मी स्वतः मैदानात बसले नसते तर ५३ मिनिटांच्या भाषणात नकलेपलीकडे काही नव्हते अशीच माझी समजूत झाली असती, आणि त्या नेत्यांबद्दल मी चार कडवट शब्द बोलले असते. संपूर्ण भाषण संगणकावर पाहता येते, मग मैदानात जायचे कशाला, असे माझा भाचा म्हणतो. पाहता येते, हे खरे आहे. मात्र त्यात दिसतो तो नेत्याचा चेहरा आणि छायाचित्रकाराने निवडलेला गर्दीचा तुकडा. माणसे कुठल्या वाक्याला गप्प झाली, कुठल्या वाक्याला उठून गेली, कोणाला उठवले गेले, हे त्यात दिसत नाही. आणि संगणकासमोर बसलेल्याला पुढच्या माणसाच्या हातात चिठ्ठी देता येत नाही.

सर्व पक्षांच्या आयोजकांना माझी हात जोडून विनंती आहे. सभेची जी वेळ छापता ती पाळा, आणि नेत्यांना उशीर होणारच असेल तर स्थानिक भाषणे आवरती घेऊन मुख्य भाषणाला किमान दीड तास राखून ठेवा. मैदानाचा एक कप्पा, तोही व्यासपीठाच्या अगदी जवळचा, कुठल्याही पासशिवाय, जो आधी येईल त्याच्यासाठी मोकळा सोडा. पुढे सोफ्यावर बसणाऱ्यांना नेत्यांचे विचार पक्षाच्या कार्यालयात रोजच ऐकायला मिळतात. बाटल्या काढून घेता तर प्रत्येक कप्प्यात पाणी ठेवा. भाषण पूर्ण झाल्याशिवाय एकही बस हलवू नका, कारण माणसे आणायला खर्च केला तो त्यांनी ऐकावे म्हणूनच असेल, असे मी समजते. आणि चिठ्ठ्या परत सुरू करा. शंभर आल्या तर पाच वाचा. उत्तर माहीत नसेल तर नेत्यांनी तसे सांगावे, लोक ते समजून घेतात, माझ्या वडिलांच्या सभांमध्येही ‘हे मला विचारून सांगावे लागेल’ असे उत्तर अनेकदा येई आणि कोणी हुर्यो करीत नसे. सभेत एक मनुष्य कॅमेरा घेऊन खुर्च्यांच्या रांगा टिपत फिरत होता. निवडणूक खर्चावर देखरेख ठेवणारी पथके खुर्च्या, व्यासपीठ, गाड्या यांची अशी नोंद घेतात आणि तो खर्च उमेदवाराच्या खात्यावर धरला जातो. खर्चाची एवढी काटेकोर दखल घेणारी आपली पद्धत आहे; भाषणात दिलेल्या आश्वासनांची एक पानाची छापील प्रत त्याच रात्री मैदानाच्या दारात वाटायला पक्षांना काही अवघड नाही.

आणि संपादक महोदय, आपल्यालाही एक विनंती आहे. मोठ्या नेत्याच्या सभेचा वृत्तांत देताना निदान एका कोपऱ्यात, नेते किती वेळ बोलले आणि कोणकोणत्या विषयांवर काय म्हणाले, हे क्रमाने छापत जा. माझ्या लहानपणी गॅलरीतले शेजारी वडिलांचे ऐकून झाल्यावर वर्तमानपत्र उघडून ताडून पाहत, आणि बहुतेक वेळा दोन्ही जुळत असे. आज ताडून पाहायला समोर काही नाही. चिमटे आणि प्रत्युत्तरे छापू नका असे मी म्हणत नाही, त्यांच्या शेजारी थोडी जागा करा.

मानखुर्दच्या बाईंचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. कामावरून मधल्या सुट्टीत केलेला असावा, कारण मागे भांड्यांचा आवाज होता. मी डायरी घेऊन बसले आणि त्यांना घरांबद्दलचा सगळा भाग क्रमाने वाचून दाखवला : रखडलेल्या योजनांची यादी करणार, भाडे थकवणाऱ्या विकासकांकडून ते वसूल करणार, वसूल झाले नाही तर दुसरा विकासक नेमणार. त्या प्रत्येक मुद्द्यावर “हां” म्हणत ऐकत होत्या. मी थांबल्यावर त्यांनी विचारले, “कधीपासून, ते सांगितलं का? तारीख?” मी पान पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचले. तारीख त्यात नव्हती. तसे मी त्यांना सांगितले.

आपली विश्वासू,
एक निवृत्त टपाल कर्मचारी,
परळ, मुंबई